इंद्रवदन अजून का आठवतो? सतीश शहांकडून छोट्या उद्योजकांनी घ्यायचे पाच धडे



२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. दुपारी बातमी आली की अभिनेते सतीश शहा गेले. वय ७४. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर एकच चेहरा होता, 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधला मिश्कील इंद्रवदन. आपल्या बॅचच्या ग्रुपवर त्या दिवशी गृहपाठ यायचा होता. गृहपाठ एकाचाही आला नाही, मालिकेतले तुकडे मात्र वीस-पंचवीस आले.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या क्लासमध्ये एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या डब्यांचा व्यवसाय करतात, आठ महिने झालेत. म्हणाल्या, "सर, ही मालिका बंद होऊन एवढी वर्षं झाली, तरी लोकांच्या लक्षात आहे. माझा डबा मी उद्या बंद केला तर कुणाच्या लक्षात तरी येईल का? कारण मी दिवाळीनंतर बंद करायचा विचार करतेय."

या प्रश्नावर बोलता बोलता क्लासचे दोन तास गेले. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी हिशोब आहे.

आधी माणूस समजून घेऊ

सतीश शहा मुंबईचे, कच्छी गुजराती कुटुंबातले. अभिनयाचं शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. सत्तरच्या दशकाच्या शेवटी छोट्या छोट्या भूमिकांपासून सुरुवात. १९८३ मध्ये कुंदन शाहांच्या 'जाने भी दो यारों'मध्ये कमिशनर डिमेलो. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी'. १९८७ मध्ये आपल्या मराठीतल्या 'गंमत जंमत'मध्ये इन्स्पेक्टर. पुढे 'हम आपके हैं कौन', 'कल हो ना हो', 'मैं हूँ ना' असे कितीतरी सिनेमे. आणि नोव्हेंबर २००४ पासून एप्रिल २००६ पर्यंत 'साराभाई'.

या यादीत एक गोष्ट दिसते का? सिनेमात ते जवळजवळ कधीच हिरो नव्हते. पोस्टरवर मोठा फोटो दुसऱ्याचाच असायचा. तरीही ते गेले तेव्हा घराघरातून हळहळ व्यक्त झाली. आपण छोटे उद्योजकही पोस्टरवरचे हिरो नाही. म्हणून हा माणूस आपल्या कामाचा आहे.

धडा १ : भूमिका छोटी असू दे, अर्धवट नको

'जाने भी दो यारों'मध्ये डिमेलोचा खून होतो आणि त्यानंतर सतीश शहा प्रेत म्हणून वावरतात. संवाद नाही, पापणी हलवायची नाही, लोक इकडून तिकडे ओढतायत. शेवटी तर महाभारताच्या नाटकात त्या प्रेतालाच द्रौपदीची साडी नेसवून उभं करतात. सिनेमा सरकारी महामंडळाच्या पैशावर, अगदी हात राखून केलेल्या खर्चात बनलेला. अशा ठिकाणी "मला काय, मेल्याचंच काम आहे" असं म्हणून उरकता आलं असतं. पण आज तो प्रसंग आठवला की आधी ते प्रेतच डोळ्यासमोर येतं.

आता तुमच्याकडे बघा. "ऑर्डर छोटी आहे, चालून जाईल" हे वाक्य किती वेळा म्हणता? २०० रुपयांच्या ऑर्डरला जुना खोका, बिल नाही, फोनला उत्तर नाही. मोठी ऑर्डर आली की मी बघा कसा काम करतो! अहो, मोठी ऑर्डर देणारा माणूस आधी २०० रुपयांचीच देऊन बघतो.

धडा २ : एका दिवसात दहा भूमिका, पण एका वेळी एकच

'ये जो है जिंदगी'मध्ये मुख्य कुटुंब ठरलेलं होतं. सतीश शहा मात्र प्रत्येक भागात वेगळ्याच माणसाच्या रूपात यायचे. अशी पन्नासहून जास्त पात्रं त्यांनी केली. माणूस तोच, पण बोलण्याची ढब वेगळी, चाल वेगळी, कपडे वेगळे. लोक पुढच्या भागाची वाट बघायचे, या वेळी कोण बनून येणार म्हणून.

तुमचंही तेच आहे. सकाळी खरेदी करणारे तुम्ही, दुपारी विकणारे तुम्ही, संध्याकाळी उधारी मागणारे तुम्ही, रात्री हिशोब लिहिणारेही तुम्हीच. गडबड कुठे होते? एक भूमिका दुसरीत घुसते. उधारी थकलेल्या गिऱ्हाईकाचा राग नवीन गिऱ्हाईकावर निघतो. माल विकताना मनात घाऊक व्यापाऱ्याचं देणं असतं, मग पडेल त्या भावात माल सोडून देता.

उपाय साधा आहे. कामांच्या वेळा बांधा. वसुलीचे फोन मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा ते बारा, बाकी वेळी नाही. हिशोब रात्री पंधरा मिनिटं, रोज. समोरच्याला त्या क्षणी तुमची एकच भूमिका दिसते, ती नीट करा.

धडा ३ : समोरच्याला चेंडू द्या

इंद्रवदनची गंमत एकट्याची नव्हती. मायाची उच्चभ्रू ऐट होती म्हणून त्याची टवाळी खुलली. मोनिषाची काटकसर होती म्हणून तो तिची बाजू घेऊ शकला. रोसेशच्या कविता होत्या म्हणून त्याच्या चेहऱ्यावरचे हाल बघण्यासारखे झाले. रत्ना पाठक शाह, रूपाली गांगुली, राजेश कुमार, आपला सुमीत राघवन, प्रत्येकाला मालिकेत जागा होती. रत्ना पाठक शाह आणि सतीश शहा यांची जोडी तर त्याआधी 'फिल्मी चक्कर' मालिकेतही जमलेली.

त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी 'साराभाई'च्या सहकाऱ्यांनी जमून मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. काहींना ते विचित्र वाटलं असेल. मला तो सर्वात मोठा पुरस्कार वाटला. मालिका संपून १९ वर्षं झाल्यावर सहकारी असे जमतात, तेव्हा तो माणूस सेटवर कसा वागत असेल याचा अंदाज येतो.

तुमच्या दुकानातला मुलगा, पॅकिंग करणाऱ्या मावशी, रोजचा टेम्पोवाला. गिऱ्हाईकासमोर त्यांचं नाव घेता का? "ही चटणी आमच्या मावशींच्या हातची" एवढं म्हणायला पैसे लागत नाहीत. नवीन माणूस मिळत नाही म्हणून सगळे रडतात, पण असलेला माणूस का टिकत नाही हे फार थोडे विचारतात.

धडा ४ : लोकांना एकच गोष्ट आठवते, ती कोणती हे शोधा

'मैं हूँ ना'मध्ये त्यांनी एक प्राध्यापक केला होता, बोलताना थुंकी उडवणारा. भूमिका किती मिनिटांची? पण सिनेमाचं नाव काढलं की तो प्राध्यापक आठवतोच.

श्रद्धांजलीचे मेसेज मी त्या रात्री नीट वाचले. पुरस्कारांची यादी कुणी लिहिली नव्हती. लोक लिहीत होते की आम्ही सगळं घर मिळून बघायचो. बाबा आजारी होते तेव्हा हेच लावून बसायचो. होस्टेलवर जेवताना रोज एक भाग. म्हणजे लोकांना अभिनेता आठवत होताच, पण त्याच्याबरोबर घालवलेला स्वतःचा वेळही आठवत होता.

ताईंना मी सांगितलं, "बंद करायचं की नाही ते पुढच्या रविवारी ठरवू. आठवडाभर रोज तीन गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारा : माझा डबा बंद झाला तर तुम्हाला काय चुकल्यासारखं वाटेल?"

ताईंच्या जाहिरातीत लिहिलं होतं 'घरगुती, चविष्ट, स्वच्छ जेवण'. शहरातल्या प्रत्येक डब्याच्या जाहिरातीत हेच लिहिलेलं असतं. उत्तरं काय आली? गुरुवारची ताकाची कढी. दुपारी साडेबाराला डबा येतो म्हणजे येतोच. आणि एका काकांनी सांगितलं की त्यांना मधुमेह आहे, हे ताईंनी एकदाच ऐकलं होतं, तेव्हापासून सणाला त्यांच्या डब्यात गोडाऐवजी कोशिंबीर जास्त असते. ताई हे सांगताना मध्येच थांबल्या. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की हे कुणाच्या लक्षात आलंय.

जाहिरात बदलली. 'दुपारी साडेबाराला दारात. पथ्य सांगा, आम्ही लक्षात ठेवू.' बस.

धडा ५ : प्रेम वेगळं, गल्ला वेगळा

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बरेच ट्रेनर सांगत नाहीत.

'साराभाई' पहिल्यांदा लागली तेव्हा टीआरपीच्या शर्यतीत मागेच होती. सुमारे ७० भागांनंतर ती बंद झाली. खरं वेड नंतर लागलं, पुनःप्रक्षेपणातून आणि इंटरनेटवरून. 'जाने भी दो यारों'चंही तसंच, लोकांनी डोक्यावर घेतला तो नंतरच्या काळात. आणि २०१७ मध्ये 'साराभाई'चा नवा हंगाम इंटरनेटवर आला, तेव्हा त्याला जुन्याइतकं प्रेम मिळालं नाही.

यातून "सातत्य ठेवा, यश येईलच" असा धडा काढणं सोपं आहे. मी तो काढणार नाही. मालिका बंद पडली तेव्हा कलाकारांना दुसरी कामं होती. तुमचा धंदा बंद पडल्यावर दहा वर्षांनी लोकांनी आठवण काढली, तर त्यावर घरभाडं भरता येत नाही. म्हणून प्रेमाची वही वेगळी आणि पैशाची वही वेगळी. दोन्ही रोज बघायच्या.

ताईंचा हिशोब त्यांच्या परवानगीने देतो.

एका डब्याची किंमत ९० रुपये. सामान, गॅस, पॅकिंग, पोहोचवणं मिळून ६२ रुपये. उरतात २८.
महिन्याचा ठरलेला खर्च (मदतनीस आणि इतर) ८,४०० रुपये.
८,४०० भागिले २८ म्हणजे ३०० डबे. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज १२ डब्यांना ना नफा ना तोटा.

सध्या रोज २२ डबे जातात. महिन्याचे ५५० डबे, गुणिले २८ म्हणजे १५,४००. त्यातून ८,४०० वजा, उरले ७,०००.

म्हणजे ताई तोट्यात नव्हत्याच! पण त्यांनी स्वतःच्या कष्टाचे पैसे कधी धरलेच नव्हते. महिन्याला किमान १४,००० तरी हवेत, असं त्यांनी ठरवलं. मग ८,४०० अधिक १४,००० म्हणजे २२,४०० लागतील. २८ ने भागलं की ८०० डबे, रोजचे ३२. आजच्यापेक्षा १० जास्त.

आता डब्याची किंमत ९५ केली तर? एका डब्यामागे ३३ उरतात. २२,४०० भागिले ३३ म्हणजे ६७९ डबे, रोजचे २८. म्हणजे १० ऐवजी ६ नवीन गिऱ्हाइकं पुरतात. आणि वेळेवर येणाऱ्या, पथ्य सांभाळणाऱ्या डब्याला पाच रुपये जास्त मागायला लाज वाटायचं कारण नाही.

"बंद करू का" हा प्रश्न रडवेला असतो. "३१ जानेवारीपर्यंत रोज २८ डबे होतात का" हा प्रश्न सोडवता येतो. ताईंनी तारीख भिंतीवर लिहिली आहे. आकडा झाला तर पुढे चालू. नाही झाला तर व्यवसाय बंद, किंवा फक्त पथ्याचे डबे जास्त दराने. काय होईल मला माहीत नाही, आणि उगाच गोड शेवट मी सांगणार नाही. पण निर्णय घाबरून होणार नाही, आकडा बघून होईल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा : मी बंद केलं तर काय चुकल्यासारखं वाटेल? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका.
२. कुणालाच काही सांगता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पण तीही माहितीच आहे. मग तुमच्यात आणि शेजारच्या दुकानात फरक फक्त भावाचा आहे.
३. एका नगामागे किती उरतं, ठरलेला खर्च किती आणि तुमचा स्वतःचा पगार किती, हे तीन आकडे काढा. रोज किती नग विकायला हवेत ते लिहा.
४. एक तारीख आणि एक आकडा भिंतीवर लावा.
५. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाचं नाव या आठवड्यात गिऱ्हाईकासमोर घ्या.

आणि हो, गृहपाठ झाला की घरच्यांबरोबर बसून 'साराभाई'चा एक भाग बघा. मागच्या शनिवारी आमच्याकडे लावला होता. आईला हिंदी जेमतेम कळतं, तरी इंद्रवदन पडद्यावर आला की ती आधीच हसायला लागते.

तुमचे तीन आकडे कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येकाचे तपासून देईन. पुढच्या भागात उधारीची वसुली, नातं न तोडता. तोपर्यंत नमस्कार, आणि धंद्याला शुभेच्छा!