पेटीतला रेग्युलेटर

बाळा, तारकर्लीला डायव्हिंगच्या कामावर रुजू होतोस आणि पेटीतला माझा जुना डायव्हिंगचा रेग्युलेटर मागतोस. ‘काका, हाच नेऊ की नवा घेऊ?’ याचं उत्तर फोनवर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो. दारव्ह्यापासून समुद्र फार लांब, पण नौदलात असताना कोचीला शिकलेलं डायव्हिंग अंगातून जात नाही.

आधी त्याचं वय बाजूला ठेव. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यान यांनी बनवला तेव्हापासून रेग्युलेटरचं तत्त्व तेच आहे: मागशील तेवढी हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाने. कोणत्याही जुन्या रेग्युलेटरबद्दल विचारायचं ते असं की, त्याचे सुटे भाग मिळतात का आणि ते बसवणारा जाणता माणूस कुठे आहे? आपल्या घरचा फवारणीचा पंप वीस वर्षं चालला, कारण खरिपाआधी त्याचा वायसर बदलायचो आणि तो यवतमाळला कुठेही मिळायचा. कंपनीने त्या मॉडेलची सर्व्हिस किट बंद केली असेल, तर पितळ कितीही चकाकू दे, तो पाण्यात न्यायचा नाही.

किट मिळत असेल तर पुढचं बघ. फर्स्ट स्टेज म्हणजे टँकला जोडायचा भाग; त्याच्या तोंडाशी, हवा आत शिरते तिथे, करंगळीच्या नखाएवढी धातूची जाळी असते. उजेडात धर. हिरवट दिसली तर खारं पाणी आत गेलंय. तांबूस असेल तर टँकमधला गंज, काळी असेल तर कंप्रेसरच्या फिल्टरची भुकटी. ही एवढीशी जाळी मागच्या मालकाने वस्तू कशी सांभाळली ते सांगते.

मग टँक न जोडता त्या तोंडावर डस्ट कॅप घट्ट लाव आणि माउथपीस तोंडात धरून ओढ. हवा येता कामा नये. आली तर कुठेतरी फट आहे, आणि पाण्यात तिथूनच पाणी येईल.

शेवटी त्या जाणत्या माणसाला दाबाचं गेज लावायला सांग. टँकमधला 200 बारचा दाब फर्स्ट स्टेज उतरवून भोवतालच्यापेक्षा साधारण 9-10 बार जास्त एवढ्यावर आणतो. श्वास घेतल्यावर काटा परत येऊन थांबला पाहिजे. थांबण्याऐवजी हळूहळू वर सरकत राहिला तर आतली सीट झिजली. हे मी भोगलंय. सर्व्हिस झालेला म्हणून दिलेला सेट घेऊन उतरलो आणि 20 मीटरवर तोंडातल्या सेकंड स्टेजमधून हवा आपोआप वाहू लागली. तिथे दाब वरच्या तिप्पट, टँक बघता बघता रिता होतो. जोडीदाराच्या ऑक्टोपसवर, म्हणजे त्याच्या जादा सेकंड स्टेजवर, श्वास घेत वर आलो. उतरण्याआधी तो काटा मी स्वतः बघितला नव्हता.

आता आपल्या पेटीतल्याबद्दल. त्याला कमी दाबाचं तोंड एकच आहे. ऑक्टोपस कुठे लावशील, बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जॅकेटात, हवा भरायची नळी कुठे? तू नवख्या माणसांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ खाली नेणार; दुसऱ्यासाठी श्वास हाताशी नसेल तर कसं चालेल? शिवाय टँक उतरत आला की तो ओढायला जड होतो. आणि इतके उन्हाळे तो टिनाखाली पडून होता. काल नळी दुमडून पाहिली, फेरुलपाशी बारीक भेगा दिसल्या. रबर न वापरताही मरतं.

तेव्हा नवा घे. बंदिस्त डायफ्रामचा घे, मालवणची वाळू आणि मीठ स्प्रिंगपर्यंत जाणार नाही. तिथल्या टँकचं तोंड कोणतं आहे ते आधी बघ, मगच जोडणी निवड. रोज संध्याकाळी डस्ट कॅप लावून गोड्या पाण्यात भिजव, पण तेव्हा सेकंड स्टेजवरचं मधलं बटण दाबू नकोस, पाणी आत शिरतं. ओ-रिंगला मशीनचं तेल कधीही लावायचं नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या संपर्कात तेल पेट घेऊ शकतं.

अर्धे पैसे माझे. मात्र बिलाच्या मागे त्याची सर्व्हिसिंग कुठे होते तो पत्ता लिहून आण.