रीबूट दिला, सर्व्हर परत आलाच नाही

लिनक्स सर्व्हर वर्ष वर्ष रीबूट न होता चालतो, याचं आपल्याकडे कौतुक फार. मला आता त्याची धास्तीच वाटते. मधल्या काळात कोणी काय काय बदललं, ते सगळं रीबूटच्या दिवशी एकदम बाहेर येतं.

एका क्लायंटच्या सर्व्हरवर कर्नलचा अपडेट टाकला, रीबूट दिला आणि एसएसएच लागेना. मशीन परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये. अशा वेळी हात शिवशिवतात ते पॅनलवरून परत रीबूट मारायला. तेवढं करू नका. आत डिस्कची तपासणी चालू असेल तर दुखणं वाढेल. आधी एरर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा मशीन उठलंय, फक्त एसएसएच चालू नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर नेटवर्क, फायरवॉल, नाहीतर बूटच अडकलंय.

आमचं टाइम आउट होतं. मग कन्सोल उघडायचा, तर पॅनलचा पासवर्ड रीसेट होऊन जायचा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर! निम्मा वेळ त्यातच गेला. शेवटी काळ्या पडद्यावर दिसलं: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', शेजारी दीड मिनिटाचं घड्याळ आणि मग इमर्जन्सी मोड. बॅकअपची जादा डिस्क कोणीतरी काढून टाकली होती, एफएसटॅबमधली तिची ओळ मात्र तशीच. सिस्टमडी अशा डिस्कसाठी ९० सेकंद थांबतो आणि मग बूटच सोडून देतो. न आलेल्या एका पाहुण्यापायी अख्खी पंगत उपाशी.

इमर्जन्सी मोड रूटचा पासवर्ड मागतो, आणि क्लाउडच्या बऱ्याच इमेजमध्ये रूट लॉक असतो. मग रेस्क्यू मोडमधून बूट करून, मूळ डिस्क माउंट करून त्या ओळीपुढे हॅश टाकला.

जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहाच, आणि एसडीबीसारख्या नावाऐवजी यूयूआयडी द्या. ती नावं बूटगणिक बदलू शकतात. रीबूटआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, हरवलेली डिस्क तिथेच कळते.

पण 'नोफेल'ची एक खोड आहे. डिस्क नसली तरी सर्व्हर निमूट उठतो, आणि रात्रीचा बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच उतरत राहतो, ती भरेपर्यंत. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ 'माउंटपॉइंट' कमांडची ठेवा आणि ती फेल झाली तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.