'बाउल' : एका शब्दाचा प्रवास

बंगालमध्ये एकतारीच्या साथीने गात फिरणाऱ्या साधकांना 'बाउल' असे म्हणतात. संस्कृत 'वातुल', म्हणजे वाताने ग्रासलेला, वेडा, यापासून हा शब्द आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते त्याचे मूळ 'व्याकुल' या शब्दात आहे. पहिली व्युत्पत्ती स्वीकारली, तर हिंदीतील 'बावला' आणि मराठीतील 'बावळा' हे त्याचेच भाऊबंद ठरतात.

कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृता'त हा शब्द आढळतो. परंतु तेथे ते संप्रदायाचे नाव नव्हे. ईश्वरप्रेमाने देहभान हरपलेला मनुष्य, एवढाच त्याचा आशय आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात अक्षयकुमार दत्त यांनी भारतातील उपासक संप्रदायांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात बाउलांची स्वतंत्र गणना केली. जातिभेद न मानणारे, देहालाच तीर्थ समजणारे हे लोक सुशिक्षितांना तेव्हा आचारभ्रष्ट वाटत. त्यामुळे या नावाला निंदेची छटा आली.

ही छटा पुढे पालटली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली आपल्या स्वदेशी गीतांच्या संग्रहाला 'बाउल' हेच नाव दिले. क्षितिमोहन सेन यांच्या लेखनाने या गीतांतील विचाराकडे विद्वानांचे लक्ष वेधले. ज्या शब्दाने हेटाळणी होत असे, तोच बंगालच्या अभिमानाचा विषय झाला.

तथापि ज्यांना हे नाव दिले जाते, त्यांपैकी अनेक जण स्वतःसाठी ते वापरीत नाहीत. मुसलमान कुळात जन्मलेले साधक बहुधा 'फकीर' म्हणवितात, तर हिंदू कुळातील 'वैष्णव'. १८९० साली निवर्तलेले लालन आजही 'लालन फकीर' किंवा 'लालन साँई' म्हणूनच ओळखले जातात. कित्येक साधक स्वतःस 'वर्तमानपंथी' म्हणतात. त्यांच्या परिभाषेत 'वर्तमान' म्हणजे स्वतःच्या देहात प्रत्यक्ष अनुभवलेले, आणि 'अनुमान' म्हणजे केवळ शास्त्रातून वा ऐकीव मिळालेले.

हा भेद केवळ नावापुरता नाही. सनातनी हिंदू आणि कर्मठ मुसलमान या दोहोंचाही रोष या साधकांनी सोसला आहे. त्यांच्या विरुद्ध फतवेही निघाले. म्हणून 'बाउल' हा शब्द वाचताना तो कोणाच्या मुखातून आला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. निंदकाच्या तोंडी तो दूषण असतो, रसिकाच्या तोंडी गौरव. साधकाला मात्र पुष्कळदा या दोहोंपैकी कशाचीच गरज वाटत नाही.