घरचे पिल्लू अचानक बदलले तर



आपल्या वस्तीत कुत्रा कोणी विकत आणत नाही. गल्लीतली कुत्री पत्र्याच्या आडोशाला विते, पोरे एक पिल्लू उचलून घरी आणतात, आई आधी ओरडते आणि संध्याकाळी तीच त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकते. चार-पाच महिन्यांत ते पिल्लू घरचेच होते. पोरांच्या पायाशी झोपते, शाळेच्या वाटेपर्यंत सोडायला जाते.

मग एक दिवस हेच पिल्लू वेगळे वागू लागते. कालपर्यंत अंगावर उड्या मारणारे आज खाटेखाली अंधारात जाऊन बसते. हाक मारली तर येत नाही. भाकरीला तोंड लावत नाही. जबडा अर्धवट उघडा राहतो आणि लाळ गळत असते. घरातले कोणी म्हणते, "घशात हाड अडकलं असेल, बघा जरा काढून." आणि घरातला एखादा मुलगा त्याच्या तोंडात बोट घालतो.

आज या पानावर आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे, की ते बोट घालू नका.

हाड नसेल, तर काय असेल?

कधी खरोखरच हाड अडकलेले असते. पण पिसाळण्याच्या रोगात, म्हणजे रेबीजमध्ये, कुत्र्याच्या जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. त्याला गिळता येत नाही, म्हणून तोंड उघडे राहते आणि लाळ गळते. पाहणाऱ्याला ते घशात काही अडकल्यासारखेच दिसते. रोगाचे विषाणू त्याच लाळेत असतात. बोटाला साधी चीर असली, तरी तेथून ते शरीरात शिरू शकतात.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे भुंकत अंगावर धावणारा, लाल डोळ्यांचा, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. तसा प्रकार आहेच. त्यात कुत्रा विनाकारण चावतो, माती, दगड, लाकूड खातो, त्याचा आवाज घोगरा होतो, तो घर सोडून भरकटतो. पण दुसरा प्रकार शांत असतो. कुत्रा गप्प होतो, कोपरा धरतो, मागचे पाय ओढत चालतो. हा शांत प्रकार घरात जास्त फसवतो, कारण आजारी पिल्लाची कीव येऊन आपण त्याला मांडीवर घेतो.

आणखी एक समज काढून टाकावा. "कुत्रं पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही," असे म्हणतात. पाण्याची भीती हे रेबीज झालेल्या माणसाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालू शकतो. पाण्याची वाटी पुढे ठेवून ही परीक्षा करू नका.

दुसरे आजारही असतात

प्रत्येक बदल रेबीजचाच असतो असे नाही. लस न दिलेल्या लहान पिल्लांना डिस्टेंपर होतो. त्यात आधी ताप येतो, डोळ्यांत चिपडे आणि नाकातून घट्ट स्राव येतो, खोकला आणि जुलाब होतात. पुढे झटके येतात, जबडा चावल्यासारखा हलत राहतो. पार्वोमध्ये उलट्या होतात आणि घाण वासाचे, रक्त मिसळलेले जुलाब होतात. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत, पण पिल्लू दगावते. उंदराचे औषध खाल्लेले पिल्लूही अचानक सुस्त होते किंवा त्याला झटके येतात. कानात किंवा पायात जखम असेल, तर दुखऱ्या जागी हात लागताच गरीब पिल्लूही चावते. आठ-दहा महिन्यांचे कुत्रे वयात येते, तेव्हाही ते बेचैन होते.

अडचण अशी, की डिस्टेंपरचे झटके आणि रेबीजचे झटके पाहून घरच्या घरी फरक ओळखता येत नाही. म्हणून वागणे अचानक बदलले, की पशुवैद्यक पाहीपर्यंत ते रेबीजच आहे असे धरून चालावे. त्यात आपले नुकसान काही नाही.

पिल्लाचे काय करावे?

मुलांना आधी लांब करा. पिल्लू खोलीत असेल तर दार ओढून घ्या. बांधलेले असेल तर तसेच राहू द्या. मोकळे असेल तर धरायला जाऊ नका. पाणी-अन्न द्यायचे तर लांबून काठीने सरकवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांपैकी जे असेल तेथे कळवा. लाळ सांडलेली जागा आणि वाटी उघड्या हाताने पुसू नका.

लोक जमून काठ्यांनी त्याला मारू लागतील. त्यांना थांबवा. मारायला जवळ जाणाऱ्यालाच चावण्याचा धोका जास्त असतो. शिवाय मुक्या जनावराला असे मारणे कायद्यानेही गुन्हा आहे. कुत्रा नजरेखाली राहिला, तर १० दिवसांत बरेच कळते. चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील, तर साधारण एवढ्या काळात तो स्पष्ट आजारी पडतो किंवा मरतो. पण हे १० दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवण्यासाठी आहेत. माणसाचे उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत.

चावले, ओरखडले किंवा चाटले तर

पहिले औषध आपल्या घरातच आहे. वाहत्या पाण्याखाली जखम साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुरे झाल्यासारखे वाटते. नळाला पाणी आलेले नसेल, तर एकाने हंड्यातले पाणी ओतावे आणि दुसऱ्याने साबण लावावा. मग पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका.

त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तेथे ही लस मोफत असते. रक्त न आलेला ओरखडा असेल तरीही लस लागते. रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे दुसरे इंजेक्शनही लागते. त्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारा. तेथे ते नसेल, तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

पोटात चौदा इंजेक्शने, ही जुनी गोष्ट झाली. आता लस दंडात देतात. कातडीत द्यायच्या लसीचे चार दिवस असतात. पहिली सोमवारी घेतली, तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी आणि चौथी पहिल्या सोमवारपासून चार आठवड्यांनी. लस स्नायूत दिली, तर चौदाव्या दिवशी आणखी एक असते. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांनाही ही लस देता येते.

येथेच आपली माणसे चुकतात. जखम भरून येते, रोज बुडतो, आणि शेवटचे इंजेक्शन राहून जाते. पण विषाणू जखमेत बसून राहत नाही. तो नसांतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी जास्त. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. एकदा पाण्याची भीती, झटके सुरू झाले, की त्यानंतर माणूस वाचत नाही असेच धरावे. मंत्र, उतारा, झाडपाला यांत हा वेळ घालवू नका. ज्यांना मंत्राने गुण आला असे सांगतात, त्यांना चावलेला कुत्रा बहुधा पिसाळलेलाच नसतो.

मुलांना आधीच सांगून ठेवा

मार बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात. घरात एकदा सर्वांसमोर सांगून टाका, "कुत्रं चावलं, ओरखडलं तर आधी सांगायचं. कोणी रागावणार नाही." या एका वाक्याने मूल वाचू शकते.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची पहिली लस द्यावी. नंतरचा डोस पशुवैद्यक सांगतील त्या दिवशी आणि पुढे दर वर्षी. डिस्टेंपर आणि पार्वोची लस त्याहून आधी, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. वस्तीतील दर दहा कुत्र्यांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. म्हणून विहारातल्या पुढच्या बैठकीत एक वही काढा. कोणत्या गल्लीत किती कुत्री, किती पिल्ले, कोणाला लस दिली, एवढे लिहा आणि ती यादी घेऊन लसीकरणाच्या शिबिराची मागणी करा. भाकरी आपण सगळेच टाकतो. लसीची जबाबदारीही सगळ्यांनी मिळून घ्यावी.