बुडालेल्या जहाजाची भेट

मुलांनो, बुडालेले जहाज पाहायला जाता येते का? होय, पण आधी तयारी हवी.

इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश जहाज आहे. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी ते बुडवले. त्यात नऊ जण मरण पावले. त्यातील मोटारसायकली आजही दिसतात.

ते सुमारे ३० मीटर खोल आहे. तेथे वरच्यापेक्षा चौपट हवा लागते. म्हणून पाणबुड्याने आधी प्रशिक्षण घ्यावे, एकटे उतरू नये आणि परतीपुरती हवा राखावी. घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून हळूहळू यावे. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

जहाजातील एकही वस्तू उचलू नये. ती मृतांची आठवण आहे.