हाड शरीर भरतं, जागा आपण राखायची

दाताच्या इम्प्लांटला पुरेसं हाड नसलेले पेशंट माझ्याकडे सतत येतात. त्यांच्यावर उपचार करताना पक्क्या झालेल्या या गोष्टी पेशंटना आणि या कामात नव्याने उतरणाऱ्या डॉक्टरांना सांगाव्याशा वाटतात.

१. इम्प्लांटचा विचार दात काढण्याआधीच करावा. दात गेल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते.

२. हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. मोकळ्या जागेत हिरडी आधी शिरली, तर हाडाला वाव उरत नाही. मध्ये मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, लावला की हाडाला सवड मिळते. स्वीडनच्या संशोधकांनी १९८८ साली उंदरांच्या जबड्यावर हे दाखवून दिलं. आमचं सगळं काम त्याच तत्त्वावर उभं आहे.

३. ग्राफ्ट, म्हणजे त्या जागेत भरायचं साहित्य, हे तयार हाड नव्हे. वेलाला मांडव असतो तसा तो आधार. पेशंटच्या स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, पण ते लवकर झिजतं. गुरांच्या हाडापासून बनवलेले कण आकार दीर्घकाळ टिकवतात. म्हणून मी बहुधा दोन्ही मिसळून वापरतो.

४. हे साहित्य कशापासून बनलं, ते पेशंटला आधीच सांगावं. कोलॅजनचे अनेक पडदे डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतींपासून बनतात. कुणाच्या श्रद्धेला ते चालत नसेल, तर कृत्रिम पर्याय आहेत. निवड पेशंटची.

५. टाक्यांवर ताण नको. हिरडी आतून सैल करून, कडा सहज जुळल्यावरच टाके घालावेत. जखम उकलून पडदा उघडा पडला तर जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि हाड कमी भरतं.

६. भरलेल्या जागेवर कवळीचा दाब येऊ देऊ नये. आतले कण हलत राहिले, तर हाड धरत नाही.

७. मिश्री, तंबाखू, सिगारेट आणि आटोक्यात नसलेली साखर जखम भरू देत नाहीत. आधी त्यांचा बंदोबस्त, मग शस्त्रक्रिया.

८. हाड भरायला साधारण चार ते नऊ महिने लागतात. लग्न किंवा परदेशवारी तोंडावर आली, म्हणून ही मुदत कमी होत नाही.

डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, तर कृपा करून थांबा. तोही उपचाराचाच भाग आहे.