इंग्रजी भाषांतरातील काळनिवड : ताबाविषयक विधानांच्या अनुषंगाने

दूरवर एस.टी. दिसताच 'आली!' म्हणणारा प्रवासी भूतकाळातील घटना सांगत नसतो. तो येण्याची निश्चिती व्यक्त करतो. मराठी व्याकरणपरंपरेत 'ताख्यात', 'लाख्यात' अशी प्रत्ययांवरून दिलेली नावे आढळतात, ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. रूप आणि काळ यांचे नाते एकास एक नसते. इंग्रजीत भाषांतर करताना याचा विसर पडल्यास केवळ शैलीच नव्हे, तर आशयही बिघडतो.

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे नवी मुंबई प्रकल्पाच्या क्षेत्रातील गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर या परिसरात भूसंपादन झाले. अशा गावातील शेतकऱ्याच्या तोंडी सहज येईल असे एक वाक्य उदाहरणादाखल घेऊ : 'आजोबांच्या वेळेपासून ही जमीन आम्ही कसतो.' मराठीत वर्तमानकाळाचे साधे रूप येथे पुरेसे आहे. इंग्रजीत मात्र 'वुई कल्टिव्हेट' अपुरे ठरते, कारण त्यातून आरंभापासूनचे सातत्य व्यक्त होत नाही. 'वुई कल्टिव्हेटेड' असे लिहिल्यास वहिवाट संपल्याचा अर्थ निघू शकतो. 'वुई हॅव बीन कल्टिव्हेटिंग' या रूपातच आरंभ आणि सातत्य दोन्ही सामावतात.

याउलट 'जमीन सिडकोत गेली' या वाक्यात वर्ष दिले असेल, तर 'वॉज अक्वायर्ड' हेच रूप योग्य होय. निश्चित भूतकालवाचक शब्दाबरोबर इंग्रजी 'हॅज बीन' स्वीकारत नाही. वर्षाचा उल्लेख नसेल आणि आजच्या परिणामावर भर द्यावयाचा असेल, तर 'हॅज बीन अक्वायर्ड' समर्पक ठरते.

अधिक सूक्ष्म अडचण अप्रत्यक्ष कथनात उद्भवते. 'जमीन आमच्या ताब्यात आहे, असे त्याने सांगितले' या वाक्यात मराठी 'आहे' कायम ठेवते. इंग्रजीत 'सेड' या भूतकालीन क्रियापदामागून 'वॉज' येते. हा 'वॉज' कथनाच्या काळाशी जुळवून घेतलेला असतो. ताबा संपल्याची ग्वाही तो देत नाही. परंतु तेच वाक्य पुन्हा मराठीत आणताना 'ताब्यात होती' असे लिहिले गेले, तर न बोललेले विधान वक्त्याच्या नावावर जमा होते. जेथे संदिग्धता घातक ठरेल, तेथे इंग्रजीतही 'इज' ठेवण्यास मुभा आहे.

या भेदाचे व्यावहारिक मोल कायद्यातही दिसते. १ जानेवारी २०१४ रोजी अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) मध्ये, जुन्या निवाड्यांच्या संदर्भात, प्रत्यक्ष ताबा घेतला गेलेला नसणे आणि मोबदला दिला गेलेला नसणे या अटी 'हॅज नॉट बीन' या रूपातच येतात. त्या कितपत लागू पडतात हा न्यायनिर्णयाचा विषय. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोन अटींमधील 'किंवा'चा अर्थही 'आणि' असा लावला.

तात्पर्य, भाषांतरकाराने मराठी प्रत्ययाचा इंग्रजी प्रतिरूप शोधण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : वाक्यातील स्थिती बोलण्याच्या क्षणी टिकून आहे की संपली आहे? या उत्तरावरच 'आहे' आणि 'होती' यांतील अंतर अवलंबून असते. आणि कधीकधी एखाद्या कुटुंबाची जमीनही.